वजन शून्य, वस्तुमान तेवढंच

तिचं कपाळ त्याच्या नाकावर आपटलं, तेव्हा तिचं वजन शून्य होतं.

विमान उंच आभाळात कमानीसारखं वळत होतं. आतली माणसं पिसांसारखी तरंगत होती. कुणाचे पाय वर, कुणाचं डोकं खाली, कुणाची पेन्सिल कानामागून निसटून आपली आपण फिरायला निघालेली. आणि ती— कमरेचा पट्टा सुटला म्हणून घाबरून तिनं भिंतीला पायानं जरासा रेटा दिला काय, विमानाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सुसाट सुटली. हवेत हातपाय मारून थांबता येत नाही, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. आता ते अंगानं कळत होतं.

समोर निळ्या कपड्यांतला एक माणूस दोन्ही हात पसरून तयार होता. चेहऱ्यावर हसू. ‘या, या, घाबरू नका’ असं काहीतरी म्हणतही होता…

धाड!

“आई गं!” दोघं एकदमच ओरडली.

त्याच्या नाकातून रक्ताचा एक थेंब आला, पण खाली पडेना. गोल, लाल मण्यासारखा दोघांच्या चेहऱ्यांमध्ये थरथरत राहिला. मग दुसरा आला, मग तिसरा. ती डोळे विस्फारून बघतच राहिली. त्यानं मात्र खिशातून रुमाल काढला आणि वेलीवरची फुलं खुडावीत तसे ते मणी एकेक करून टिपले. मग एका हातानं तिचा खांदा धरला, दुसऱ्यानं छताची पट्टी पकडली आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल असा ओरडला, “उतराऽऽ!”

काही कळायच्या आत तिची पाठ खालच्या जाड गादीला टेकली होती. पुढच्याच क्षणी विमान खालून वर वळायला लागलं आणि वजन परत आलं. नुसतं परत आलं नाही, जवळजवळ दुप्पट होऊन आलं. हात उचलेना, मान वळेना, गाल कानांकडे ओघळले. शेजारी तोही उताणा पडला होता. नाकाला रुमाल, नजर छताकडे.

“काय हो,” तो रुमालातून म्हणाला, “वजन शून्य होतं ना तुमचं?”

“वजन शून्य होतं,” जड जिभेनं ती म्हणाली. “वस्तुमान होतं तेवढंच होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी आणि विमान बरोबरच पडत होतो. मग मी भार टाकणार कशावर? भार नाही, तर वजन नाही. पण मी म्हणून जेवढी आहे, तेवढी होतेच की! ती कुठे जाणार?”

“ती सगळी माझ्या नाकावर आली,” तो म्हणाला.

तिला हसू आलं. दुप्पट वजनात हसणं म्हणजे छातीवर पोतं ठेवून हसणं… तरीही आलं.

ती काट्यांच्या घरातली. वडील आयुष्यभर दुकानादुकानांचे वजनकाटे दुरुस्त करत राहिले आणि ती लहानपणापासून पितळी वजनांशी खेळली. पुढे शिकली, यंत्रशास्त्राची मोठी पदवी घेतली आणि अवकाशवीरांच्या प्रकृतीवर संशोधन करणाऱ्या केंद्रात नोकरीला लागली. तिथंही वजनच पाठीशी लागलं. तिला सगळे ‘काटा’ म्हणत. अर्ध्या लोकांना वाटे, हे नाव तिच्या कामावरून पडलंय. उरलेल्यांना वाटे, जिभेवरून.

तिचं काम होतं एक खुर्ची बनवायचं. माणूस महिनोन् महिने पृथ्वीबाहेर राहिला की त्याचे स्नायू झिजतात, हाडं विरळ होतात. तो किती झिजला, हे डॉक्टरांना कळायला हवं. पण तिथं साध्या काट्यावर उभा राहिला तर काटा शून्यच दाखवणार. हत्ती ठेवला तरी शून्य. म्हणून तिनं स्प्रिंगांवर बसवलेली खुर्ची केली होती. माणसानं तीत बसायचं, खुर्चीला एक झोका द्यायचा आणि झोका किती संथ आहे ते मोजायचं. वस्तुमान जास्त, तर झोका संथ. कमी, तर चपळ. वजन असो की नसो, झोका खोटं बोलत नाही.

आणि तो… तो झेल्या. खरं नाव होतं काहीतरी. ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगाला येई. एकेकाळी कसरतपटू होता. आता या विमानात त्याचं काम एकच, तरंगणाऱ्या माणसांना झेलायचं आणि वजन परत यायच्या आत सुखरूप गादीवर उतरवायचं. विमान एका फेरीत कितीतरी वेळा कमानीसारखं वर चढून उतरे. प्रत्येक कमानीत विसेक सेकंद सगळं हलकं, मग तेवढाच वेळ सगळं जड. त्या हलक्या वेळात मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा पोरासारखे कोलांट्या मारत. झेल्या तेवढा डोळ्यांत तेल घालून फिरे.

“नाकाचं काय म्हणाले डॉक्टर?” दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिनं अपराधी चेहऱ्यानं विचारलं.

“म्हणाले, सुंदर आहे.”

“अहो, मी गंभीरपणे विचारतेय.”

“मग मीही गंभीरपणे सांगतो. मोडलं नाही.” त्यानं कॉफीचा पेला तिच्याकडे सरकवला. “पण कॅप्टन म्हणाले, भरपाई घे. मी म्हटलं, घेतो. तुमच्या खुर्चीत बसायला एक माणूस हवाय म्हणे?”

तिला माणूस हवाच होता. आधीचे दोघं पहिल्याच कमानीत ओकले होते.

पुढच्या फेरीला झेल्या खुर्चीत बसला. तिनं पट्टे आवळले, घड्याळ सुरू केलं, खुर्ची झुलली. आकडा आला… चुकीचा. दुसऱ्या कमानीत दुसराच आला, तिसऱ्यात तिसरा.

“हलू नका ना!”

“मी कुठे हलतोय? खुर्ची हलतेय.”

“खुर्चीला हलू द्या. तुम्ही हलू नका.”

“आता तुम्ही अशा कपाळाला आठ्या घालून, उलट्या लटकून माझ्याकडे बघताय… माणूस हलणार नाही तर काय करेल?”

ती खरंच उलटी लटकत होती. पाय छताच्या पट्टीत अडकवलेले, वेणी सुटलेली, केस काळ्या धुरासारखे चहूकडे पसरलेले. तो हसला की त्याचं पोट हले, पोट हललं की खुर्ची चळे, आणि खुर्ची चळली की आकड्याचं मातेरं होई.

“तुमचं वस्तुमान दर वेळी वेगळं येतंय,” जड वेळात गादीवर पडल्या पडल्या ती वैतागून म्हणाली. “असं होऊच शकत नाही. माणसाचं वजन जागेप्रमाणे बदलतं. चंद्रावर सहावा हिस्सा, मंगळावर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. पण वस्तुमान म्हणजे तुम्ही स्वतः. ते इथून तिथं गेल्यानं बदलत नाही.”

“बघा, म्हणजे मी सकाळी वेगळा, तुम्हाला बघितल्यावर वेगळा.”

“झेल्या!”

“जी, मॅडम.”

तिनं रागानं मान दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला. दुप्पट वजनाची मान वळेना. त्यामुळे तिला तशीच, त्याच्याकडे बघत, पडून राहावं लागलं… आणि तोही बघत राहिला.

दिवस असे जाऊ लागले. सकाळी विमान, दुपारी आकडेमोड, संध्याकाळी कॅन्टीनची काचेची भिंत आणि तिच्यापलीकडे उजळत जाणारे धावपट्टीचे दिवे. तो बोलायचा, ती खोडून काढायची. कधी ती बोलायची आणि तो नुसताच ऐकायचा, पेल्याच्या कडेवर बोट फिरवत. जिना उतरताना तो कठड्याला हात लावून उतरतो, बोळातून जाताना भिंतीवर बोटं टेकवत जातो, हे तिनं बघितलं होतं. तिला ती त्याची लकब वाटली. आवडली होती ती लकब.

घरी आत्या होती. आईवडिलांच्या माघारी आत्यानंच तिला सांभाळलं होतं. आत्याचे गुडघे दुखायचे, जीभ मात्र ठणठणीत होती.

“हल्ली जेवताना हसतेस एकटीच,” आत्या म्हणाली. “भाजी एवढी चांगली झालेली नाही.”

“कामातलं आठवलं काहीतरी.”

“कामाचं नाव काय?”

“आत्या!”

“बरं बाई, नको सांगूस. तुझ्या काट्यावर कुणी टिकला, तर मी गुडघ्यांसकट नाचेन.”

एका फेरीत चंद्राची कमान होती. कॅप्टन विमान अशा बेतानं वळवायचे की आत अगदी शून्य वजन व्हायचं नाही, चंद्रावर असतं तेवढंच राहायचं. खुर्चीचं काम त्या दिवशी लवकर आटोपलं होतं.

“चला,” झेल्या हात पुढे करून म्हणाला.

“कुठे?”

“चंद्रावर. फिरायला.”

तिनं हात दिला. पाऊल टाकलं आणि पाऊल उचललंच गेलं, सावकाश, स्वप्नात चालावं तसं. जमीन सुटली, वेळ गेला, मग कधीतरी पुन्हा जमीन आली. खिडकीतून ऊन तिरपं आत पडलं होतं आणि त्या उन्हाच्या पट्ट्या ओलांडत ती दोघं लांबलचक ढांगा टाकत चालली होती. त्याच्या बोटांची ऊब तिच्या तळव्यात होती. इंजिनाचा आवाज दूर कुठेतरी राहून गेला होता.

“इथं मी तुम्हाला एका हातानं उचलू शकतो,” तो म्हणाला.

“काही गरज नाही.”

“किलोचा हिशेब करू का तोंडी?”

“चंद्रावर झालं तरी बाईचं वजन बोलून दाखवू नये.”

तो हसला आणि त्या हसण्याच्या नादात ती जरा जोरात उडाली. उडणं फार सोपं होतं. थांबणं मात्र तेवढंच अवघड निघालं. पाय टेकले तरी अंग पुढेच चाललेलं, जसं पृथ्वीवर धावताना जातं तसं. कारण वजन सहावा हिस्सा झालं तरी तिचं वस्तुमान तसूभरही घटलं नव्हतं. समोर विमानाची शेपटाकडची भिंत येत होती. त्यानं झेप घेऊन तिला मागून धरलं, गिरकी घेऊन स्वतः भिंतीला पाठ लावली आणि दोघं भिंतीच्या मऊ अस्तरावर हळूच आदळली.

तिच्या पाठीशी त्याचं काळीज धडधडत होतं. की तिचंच?

“उतरा…” तो म्हणाला. नेहमीसारखा ओरडला नाही. तिच्या कानाशी, हलकेच म्हणाला.

खुर्चीचं मात्र काही खरं नव्हतं. हंगाम संपत आला आणि विभागप्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलं, “पुढच्या फेरीला आकडे जुळले नाहीत, तर खुर्ची बंद. यानात तिच्यासाठी जागा राखून ठेवलीय. ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकू.”

त्या संध्याकाळी ती कॅन्टीनमध्ये डोकं धरून बसली. झेल्यानं गमती केल्या, तिनं ऐकल्या नाहीत. मग त्यानं गमती थांबवल्या.

“पट्टे अजून आवळू का?” तीच स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. “किती आवळू? माणूस काही दगड नाही. पोट वेगळं हलतं, खांदे वेगळे हलतात, डोकं वेगळं.”

“हो, ते तर रोजचंच,” तो म्हणाला. “झेलताना मला कोण आवडतो माहितेय? घाबरट माणूस. तो मला घट्ट कवटाळतो, गठडीसारखा. गठडी कुठेही न्या. हे धीट लोक असतात ना, सैल सुटलेले, त्यांचा खांदा धरला की पाय दुसऱ्या गावाला जातात.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

“काय झालं? नाकावर काही आहे?”

“कवटाळायचं,” ती पुटपुटली. “खुर्चीनं माणसाला बांधायचं नाही… माणसानं खुर्चीला कवटाळायचं! मधे खांब द्यायचा. हनुवटी, छाती, गुडघे, सगळं त्याला घट्ट धरून. मग पोट कुठे जाईल?” ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. “झेल्या, तुम्ही… तुम्ही…”

“मी काय?”

“काही नाही. कॉफी संपवा, चला!”

तिनं खुर्चीची पाठ काढून टाकली आणि पुढे गादी गुंडाळलेला एक खांब बसवला. झेल्या हरवलेले नट शोधून देत होता, हातोडी धरत होता, मधूनच खांबाला मिठी मारून “प्रिये, तू फार कृश झालीस” असं म्हणत होता आणि शिव्या खात होता.

शेवटच्या फेरीला आकडे आले. पहिल्या कमानीत जो, तोच दुसऱ्या कमानीत, तोच तिसऱ्यात. सकाळी जमिनीवर मोजला होता, तोही तोच. ती हवेत तरंगत तो आकडा बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ओघळेना, पापण्यांवरच काचेसारखं साचत गेलं. समोरचं सगळं थरथरत्या प्रकाशात विरघळलं.

“उतरा!” त्यानं तिला गादीवर टेकवलं आणि शेजारी पडला. वजन आलं. डोळ्यांतलं पाणी दुप्पट जड होऊन कानांत गेलं.

“रडतेस?” त्यानं विचारलं.

‘रडताय’ नाही. ‘रडतेस.’ तिनं ते ऐकलं. त्यानंही ऐकलं असणार. मग त्याचा हात गादीवरून हळूहळू सरकत आला. दुप्पट वजनाचा हात बोटभर सरकवायलाही ताकद लागते. तो सरकत, थांबत, पुन्हा सरकत आला आणि तिच्या हातावर येऊन विसावला. एखादा तापलेला गोटा ठेवावा तसा जड. तिनं आपला हात काढून घेतला नाही. घेताही आला नसता, असं तिनं स्वतःला सांगितलं.

“मला तुला एक सांगायचंय,” तो म्हणाला.

“सांग.”

विमान सरळ झालं. हात हलका झाला. त्यानं तो उचलून घेतला.

“उद्या सांगतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद होता. चौथ्या दिवशी ती कॅप्टनसमोर जाऊन उभी राहिली.

कॅप्टननी टोपी काढून टेबलावर ठेवली. “तुला बोलला नाही तो? कानाचं दुखणं आहे त्याला. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचं. वर्षभर लपवून होता. परवाच्या तपासणीत सापडलं. आता त्याला विमानात घेता येणार नाही, कधीच.”

तिला तो कठडा आठवला. ती भिंत, भिंतीवर टेकलेली बोटं. जे लकब समजून ती मनातल्या मनात कुरवाळत बसली होती… ते तो पडू नये म्हणून करत होता.

“आता कुठे आहे?”

“खोली सोडून गेला. पत्ता देत नव्हता. म्हणाला, झेलणाऱ्याचाच तोल जातो म्हटल्यावर लोक हसतील.”

त्याच आठवड्यात विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून पेढा मिळाल्यासारख्या चेहऱ्यानं सांगितलं, “तुझी खुर्ची यानात जातेय. तू किनाऱ्यावरच्या प्रक्षेपण तळावर जायचंस. अवकाशवीरांना शिकवायचंस. वर्ष तरी लागेल, कदाचित दोन.” तिनं हो म्हटलं. हो म्हणायचंच होतं. याचसाठी तर इतकी वर्षं घासली होती. तरी घरी येऊन ती बूट न काढताच खुर्चीवर बसून राहिली.

आत्या केस पुसत बाहेर आली. गुडघ्यांसाठी तिला डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं आणि आठवड्याभरापासून ती जवळच्या तरणतलावावर जायला लागली होती. परत यायची ती अशी टवटवीत, जणू दहा वर्षं तिथंच ठेवून आलीय.

“अगं, पाण्यात गुडघ्यांवर भारच येत नाही बघ! माझं एवढं वजन जातं तरी कुठे?”

“जात नाही, आत्या. पाणी खालून उचलून धरतं.”

“तेच ते. आणि नवीन मास्तर आलाय, इतका लाघवी! आम्हा म्हाताऱ्यांना पाण्यात हातात हात घालून चालवतो. एखादी घसरली की आधीच तिथं हजर. आणि तास संपला की ओरडतो बघ, ‘उतराऽऽ!’ आम्ही पाण्यात उभ्या. आता आणखी कुठे उतरणार? पण हसून हसून पुरेवाट होते.”

तिनं मान वर केली.

“त्याचं नाक कसं आहे?”

“नाक?” आत्यानं तिच्याकडे नीट बघितलं. मग टॉवेल हळूच खाली ठेवला. “अस्सं. म्हणजे कामाचं नाव सापडलं म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तलावावर गेली. उंच काचांमधून ऊन पाण्यात उतरलं होतं आणि त्याच्या सोनेरी जाळ्या छतावर हलत होत्या. रंगीबेरंगी टोप्या घातलेल्या बायका छातीएवढ्या पाण्यात रांगेनं चालल्या होत्या आणि मधे तो, ओल्या केसांचा, दोन्ही हात पसरलेले. तिला बघून ते हात तसेच राहिले.

आत्यानं एका नजरेत सगळं ओळखलं. “बायांनो, चला, आपण पलीकडच्या बाजूला चालू. इकडे पाणी जरा गरम झालंय.”

ती काठावर बसली. चपला काढून पाय पाण्यात सोडले. तो जवळ आला, पण हातभर अंतर ठेवून थांबला.

“कुणी सांगितलं?” त्यानं विचारलं.

“कॅप्टननी. तू सांगायला हवं होतंस.”

“काय सांगू?” त्यानं पाण्यावर तळवा फिरवला. “कधी कधी अख्खी जमीन तिरकी होते माझ्यासाठी. दोन मिनिटं, पाच मिनिटं. डॉक्टर म्हणतात, वाढणार नाही. पण जाणारही नाही. इथं बरं आहे. इथं पडलो तरी पाणी हळूच पाडतं. पण बाहेर… तुझ्याबरोबर रस्त्यानं चाललो असतो आणि मधेच धडपडलो असतो, तर तुला काय वाटलं असतं?”

“वाटलं असतं, हा धडपडला. उचललं असतं.”

“हसू नकोस.”

“मी हसतेय?” तिनं पाण्यात पाय आपटला. “चार दिवस मी तुला शोधतेय. वाटलं, तो हात चुकून ठेवलास. वाटलं, ‘रडतेस’ चुकून म्हणालास. त्या हाताचा विचार करून करून मला झोप नाही आणि तू इथं माझ्या आत्याला पाण्यात फिरवतोयस!”

“त्या तुझ्या आत्या आहेत?”

“विषय बदलू नकोस.”

पाण्याचे थेंब त्याच्या पापण्यांवरून टपकत होते आणि ती बघत होती. प्रत्येक थेंब खाली पडत होता, मुकाट, पृथ्वीवर पडतो तसा.

“चुकून नाही म्हणालो,” शेवटी तो म्हणाला. “हातही चुकून नाही ठेवला. फार आवडतेस तू मला. पहिल्या दिवसापासून… नाकापासून. पण तुला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. तेवढं धाडस झालं नाही.”

ती रडली आणि हसली, दोन्ही एकदम. मग नाक ओढून म्हणाली, “मी किनाऱ्यावरच्या तळावर चाललेय. वर्षभर. दोन वर्षंही लागतील.”

त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं लगेच सावरून घेतला. “जा. जायलाच हवं. तुझी खुर्ची आहे.”

“मी जाणारच आहे. ते विचारायला नाही आले. तू येतोस का, ते विचारायला आलेय.”

“मी… मी तिथं काय करणार?”

“अवकाशवीरांना पाण्यातच शिकवतात आधी. मोठा तलाव आहे तिथं. त्यांना हात धरून चालवणारी माणसं लागतात, मी विचारलंय. काम तुझं तुलाच मागावं लागेल, मी शब्द टाकणार नाही.”

“आणि तलावाबाहेर?”

“बाहेर समुद्र आहे. लांबच लांब वाळू.”

“समुद्रावर धरायला भिंत नसते,” तो हळूच म्हणाला.

“मी असेन की.”

पलीकडच्या बाजूची पावलं केव्हाची थांबली होती. सगळ्या टोप्या इकडे वळल्या होत्या.

“मास्तर,” आत्या पाण्यातून ओरडली, “पोरीला पोहता येत नाही, फार वेळ काठावर बसवू नका! आणि आमचा तास संपला का नाही, ते सांगा. आमची बोटं सुरकुतली!”

“संपला, आत्या!” तो म्हणाला. त्याला ‘उतरा’ म्हणायचं सुचलंच नाही.

तो शिडीनं वर आला. तलावाच्या ओल्या फरशीवर उभा राहिला आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. जमीन तिरकी झाली असावी. शिडीचा दांडा हाताशीच होता. त्यानं तो धरला नाही. ती उठून समोर येऊन उभी राहिली होती, तिच्या खांद्यावर त्यानं हात टेकवला, मग दुसराही. ती पाय रोवून उभी राहिली. त्याच्या अंगावरचं पाणी तिच्या बाहीतून, गळ्यातून आत ओघळायला लागलं.

“तुझे कपडे भिजतायत,” डोळे मिटूनच तो म्हणाला.

“भिजू देत,” ती म्हणाली.